घरच्या कॅमेऱ्याला हात लावायचा नाही

दातांच्या डॉक्टरांकडे जुने कॅमेरे त्रेसष्ट होते आणि त्यांतल्या एकातही रोल नव्हता. दर गुरुवारी ते दवाखाना बंद ठेवत आणि कुणाच्या तरी माळ्यावर, कुणाच्या तरी कपाटात काय निघतंय ते बघत हिंडत. कॅमेरा हातात आला की ते आधी त्याची लेन्स उतरवत, खिशातली टॉर्च आत मारत, बुरशी कुठे धरलीय, उजेड कमी-जास्त करणारी अपर्चरची पाती तेलकट झालीत का ते पाहत आणि मग मान अशी काही हलवत, की विकणारा बिचारा स्वतःहून किंमत उतरवायचा. अक्कलदाढ काढायला लागेल हे सांगताना ते अशीच मान हलवत, असं त्यांचे पेशंट म्हणत.

काकूंच्या घरी मात्र ते मान हलवत नसत. तिथे ते चपला काढण्याआधीच हात जोडत. कारण ते मास्तरांचं घर होतं, आणि डॉक्टर मास्तरांवर पुस्तक लिहीत होते.

मास्तर म्हणजे काकूंचे यजमान. त्यांनी जन्मात कधी कुणाला शिकवलं नव्हतं. त्यांचं कॅमेरा दुरुस्तीचं दुकान होतं. पण दुरुस्तीला कॅमेरा आला की ते आधी गिऱ्हाइकाला फैलावर घेत. वाळूत नेला होता का, सेल आत ठेवूनच वर्षभर कोंडून ठेवला होता का, सगळी चौकशी होई. कॅमेऱ्याची चूक कधीच नसे. म्हणून लोक त्यांना मास्तर म्हणू लागले आणि पुढे घरातही तेच नाव रुळलं. त्यांना जाऊन आता सात वर्षं झाली होती. दुकान बंद झालं, तिथलं कपाट आणि टेबल घरी आलं, आणि मास्तरांची कीर्ती मात्र त्यानंतर वाढायला लागली. जिवंतपणी त्यांना चार गल्ल्या ओळखत होत्या. आता दूरदूरची माणसं फोन करून विचारत, ‘मास्तरांच्या हातची एखादी लेन्स शिल्लक आहे का हो?’

हाताचं म्हणाल तर खरी गोष्ट अशी होती. शटर, चाकं, स्प्रिंगा, रोल पुढे सरकवायचा खटका, हे सगळं मास्तरांचं. त्यात ते खरोखरच पटाईत. शटरचा नुसता आवाज ऐकून कुठली स्प्रिंग थकलीय ते सांगत. पण लेन्स म्हणजे नळीत एकामागे एक बसवलेली पाच-सहा भिंगं. त्यांना बोटांचे ठसे चालत नाहीत, आणि मास्तरांची बोटं होती केळ्यांसारखी. त्यात जवळचं दिसेना झालं तरी चष्मा लावायचा नाही हा बाणा. चष्मा लावलेल्या माणसाकडे कोण कॅमेरा देईल, असं ते म्हणत. तेव्हा लेन्सा पडद्यामागे जात. पडद्यामागे एक खिडकी, खिडकीखाली एक टेबल आणि टेबलाशी काकू.

तिथे त्यांनी पस्तीस वर्षं काढली. दोन टोकांच्या किल्लीने भिंग धरून ठेवणारी कडी फिरवायची, भिंग घडी केलेल्या कापडावर अलगद उतरवायचं, रबरी फुंकणीने धूळ उडवायची, काडीला कापूस गुंडाळून स्पिरिटने बुरशी पुसायची, मधून बाहेर सरकत जायचं, एकदाच, परत त्याच कापसाने नाही. आणि सगळ्यांत आधी, भिंग बाहेर काढण्याआधी, त्याच्या घासलेल्या कडेवर पेन्सिलने खूण करायची, की पुढची बाजू कुठली. काही भिंगांचा फुगवटा दोन्हीकडे इतका सारखा असतो, की एकदा हातात फिरलं की त्याला जन्म देणाऱ्यालाही पुढचं-मागचं सांगता येणार नाही. काकूंची खूण म्हणजे साध्या शिसपेन्सिलीचं एक बारीक छप्पर, टोक पुढच्या बाजूला. मास्तर कधी क्वचित करत तेव्हा कानावरची जांभळी पेन्सिल काढून लांबलचक बाण मारत, पेपर तपासल्यासारखा.

गिऱ्हाइकांना यातलं काही माहीत नव्हतं. पडद्यामागून चहा येतो, म्हणजे मागे स्वयंपाकघर असणार, असा त्यांचा समज. तो दूर करावा असं मास्तरांना कधी वाटलं नाही. लेन्स गिऱ्हाइकाच्या हातात देताना ते म्हणत, “स्वतः साफ केलीय.” पडद्यामागे काकू कप विसळत. शिवाय या कामाची आणखी एक गंमत होती. चांगलं साफ केलेलं भिंग बघणाऱ्याला दिसतच नाही, त्याच्या पलीकडचं दिसतं. काकूंच्या हाताखालून हजारो भिंगं गेली असतील. एकाही माणसाने कधी म्हटलं नाही, की वा, काय सुरेख काही दिसत नाहीये.

लोकांनी वाखाणलं ते एकच, आणि त्या एकाच लेन्सच्या बाबतीत काकू चुकल्या होत्या.

त्याचं असं झालं. दुकानात एक घरचा कॅमेरा होता. खुंटीला टांगलेला असे. शेजारपाजारचे, घरचे, दुकानाच्या पायरीवर बसणारे, सगळ्यांचे फोटो मास्तर त्याने काढत. एकेचाळीस वर्षांपूर्वी काकूंची बहीण आजारी पडली आणि काकू पंधरा दिवस तिच्या गावी गेल्या. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी घाईघाईत घरच्या कॅमेऱ्याची लेन्स साफ केली होती. एक डोळा घड्याळाकडे, एक भिंगाकडे. परत आल्या तेव्हा मास्तरांनी मधल्या दिवसांतला रोल धुऊन आणला होता. सगळ्यांत वरच्या फोटोत त्यांची सहा वर्षांची मुलगी दुकानाच्या पायरीवर बसलेली. मुलीचा चेहरा लख्ख, आणि भोवतालची पायरी, भिंत, सायकल, सगळं लोण्यासारखं वितळलेलं. मुलगी जणू कुणाच्या आठवणीत बसली होती.

काकूंनी फोटो उजेडात धरला. हे काय झालं ते त्यांना एका नजरेत कळलं. मागचं शेवटचं भिंग उलटं बसलं होतं. म्हणून चित्र मध्ये नीट, कडांना पातळ. त्यांनी गुपचूप किल्ली घेतली आणि खुंटीवरचा कॅमेरा काढला. मास्तरांनी तो त्यांच्या हातातून घेतला आणि परत टांगला.

“छान आलेत फोटो,” ते म्हणाले. “राहू दे तसंच. घरच्या कॅमेऱ्याला हात लावायचा नाही.”

एवढंच. ना ओरडले, ना कुणाला सांगितलं. एरवी नाकावर माशी बसू न देणारा माणूस, वाळूचा एक कण सापडला तर गिऱ्हाइकाचा उद्धार करणारा, बायकोची एवढी मोठी चूक पोटात घालून मोकळा झाला. काकू ते कधी विसरल्या नाहीत. मास्तर मुलीच्या शाळेच्या कार्यक्रमाला आले नाहीत, तेव्हा काकूंनी ते आठवलं. त्यांचा आवडता रेडिओ मास्तरांनी त्यांना न विचारता एका स्प्रिंगेसाठी खोलला आणि परत जोडला नाही, तेव्हाही आठवलं. ‘स्वतः साफ केलीय’ हे वाक्य कानावर आलं, की दर वेळी त्या ओठांवर आलेला शब्द गिळून मनात म्हणत, असू दे, माझी ती चूक त्यांनी कधी काढली नाही. त्या एका न काढलेल्या शब्दाच्या जोरावर मास्तरांनी पुढची चौतीस वर्षं सुखाने काढली.

आणि फोटो गाजले. त्या कॅमेऱ्यात कुणीही चांगलं दिसे. म्हातारे प्रेमळ दिसत, भांडकुदळ माणसं विचारी दिसत. मुलगी मोठी झाली, शाळेत शिकवायला लागली, आणि मास्तर गेल्यावर तिने ते सगळे फोटो फोनवरून जगासमोर मांडले. तिथून पुढे हे दातांचे डॉक्टर आणि त्यांचं पुस्तक.

त्या गुरुवारी डॉक्टर पुस्तकाची छापायला जाणारी प्रत घेऊन आले. सोमवारी छपाई सुरू होणार होती. त्यांनी ती काकूंच्या मांडीवर ठेवली आणि बाजूला उभे राहिले, पेशंट चूळ भरेपर्यंत उभे राहतात तसे. पुस्तकात एक अख्खं प्रकरण ‘मास्तरांचा हात’ या नावाचं होतं. त्यात लिहिलं होतं, की मास्तर प्रत्येक भिंग जणू लहान मुलाचं तोंड धुवावं तसं साफ करीत. घरच्या कॅमेऱ्याच्या लेन्सबद्दल तर दहा पानं. ती जादू त्यांनी मुद्दाम घडवली, ती कशी, हे ते कुणालाही सांगून गेले नाहीत, वगैरे वगैरे. काकूंनी शांतपणे सगळं वाचलं. दोन वर्षांपूर्वी मोतीबिंदू काढून त्यांच्याही डोळ्यांत नवी भिंगं बसवली होती. ती सरळ बसवलीत ना, असं विचारून त्यांनी तिथल्या सर्जनला घाबरवलं होतं. त्यामुळे शेवटच्या पानावरची बारीक अक्षरंही त्यांना स्पष्ट दिसली. ‘वेळोवेळी चहा देणाऱ्या काकूंचे मनःपूर्वक आभार.’

मुलगी खांद्यावरून वाचत होती. “चल आई,” ती म्हणाली, “पस्तीस वर्षांचं सार्थक झालं तुझं.”

काकूंनी पान मिटलं. आता पुस्तक छापून झालं, की जे छापलंय तेच घडलं असं होणार होतं. त्या गेल्यावर विचारायलाही कुणी उरणार नव्हतं. त्यांना मोठेपणा नको होता. त्यांना एवढंच हवं होतं, की टेबलाशी कोण बसत होतं ते कुठेतरी बरोबर लिहिलेलं असावं.

“डॉक्टर,” त्या म्हणाल्या, “लेन्सा मी साफ करत होते. सगळ्या. हे नव्हेत.”

डॉक्टर हसले. दात दुखत नाही असं सांगणाऱ्या पेशंटकडे पाहून हसावं तसं. काकूंनी मदत केली असेल हे ते जाणून होते, म्हणाले, कापूस वगैरे देण्यात. पण घरच्या कॅमेऱ्याचं रहस्य त्यांनी पूर्वी दुकानात गिऱ्हाईक म्हणून येत तेव्हा स्वतः मास्तरांना विचारलं होतं, आणि मास्तर नुसते गालात हसले होते.

“ते रहस्य नाही,” काकू म्हणाल्या. “ती माझी चूक आहे. मागचं भिंग उलटं बसलंय. माझ्या हातून.”

मग मात्र डॉक्टरांचा चेहरा गंभीर झाला. त्यांनी पुरावा मागितला. फार अदबीने मागितला, पण मागितला. काकूंनी मुलीला कपाटातून त्याच बनावटीची दुसरी लेन्स काढायला सांगितली. चहाचा कप धरताना त्यांचे हात थरथरत, त्यामुळे डॉक्टर जरा धास्तावले होते. पण किल्ली हातात आली आणि थरथर कुठल्या कुठे गेली. कडी तीन वेढ्यांत सुटली, भिंग कापडावर उतरलं, कडेवर छप्पर उमटलं, भिंग उलटं होऊन आत गेलं, कडी बसली. सगळं मिळून चार मिनिटं. डॉक्टरांनी पिशवीतून आपला नव्या जमान्याचा कॅमेरा काढला, ॲडाप्टर लावून त्यावर ती लेन्स चढवली आणि मुलीकडे रोखली. कॅमेऱ्यामागच्या पडद्यावर सत्तेचाळीस वर्षांची मुलगी उमटली. चेहरा लख्ख, आणि कपाट, दार, खुंटी, सगळं लोण्यासारखं वितळलेलं.

डॉक्टर खुर्चीत बसले. बराच वेळ त्यांचा जबडा उघडाच होता, आणि मुलीला त्यांच्या दोन दाढांत भरलेली चांदी दिसली.

पण संग्राहक माणूस तो. इतक्याने त्याचं समाधान होईना. उलटं बसवल्याने हे होतं एवढंच त्यातून कळलं, म्हणाले. मूळ लेन्समध्ये ते कुणी उलटं बसवलं ते कुठे कळलं?

“खूण असेल ना माझी आत,” काकू म्हणाल्या. “छप्पर. आणा तो कॅमेरा.”

दुकानातल्यासारखाच इथेही खुंटीला टांगलेला घरचा कॅमेरा खाली आला. एकेचाळीस वर्षांत त्याला कुणी उघडलं नव्हतं. काकूंनी कडीला किल्ली लावली आणि क्षणभर थांबल्या. हात लावायचा नाही, हे शब्द त्यांना कानामागून ऐकू आल्यासारखे वाटले. मग कडी फिरली. भिंग कापडावर उतरलं. त्यांनी ते कडेने धरून उजेडात घेतलं.

छप्पर होतं. फिकट झालेलं, पण त्यांचंच. ते पुढची बाजू बरोबर दाखवत होतं. आणि त्याच्या शेजारी, उलट दिशेला तोंड करून, एक जांभळा बाण होता. लांबलचक, ठसठशीत, पेपर तपासल्यासारखा.

काकूंनी भिंग फिरवून पुन्हा पाहिलं. बाण तिथेच होता.

म्हणजे काकू बहिणीकडे असताना लेन्स मास्तरांनी उघडली होती. पाती अडकली असतील, तेलाचा थेंब उतरला असेल, काहीतरी. खूण न करताच कडी सोडली असणार आणि भिंग घरंगळून कापडावर पडलं असणार. मग त्यांनी ते केळ्यांसारख्या बोटांत धरून उजेडात पाहिलं असणार. चष्मा नाही, त्यामुळे शिसपेन्सिलीचं बारीक छप्पर दिसणं शक्यच नव्हतं. तेव्हा त्यांनी अंदाजाने पुढची बाजू ठरवली, आणि पुरा आत्मविश्वास असलेला माणूस मारतो तसा बाण मारला. काकूंनी निघताना भिंग अगदी सरळ बसवलं होतं. घड्याळाकडे एक डोळा ठेवूनही सरळ.

एकेचाळीस वर्षं त्यांनी जी एक चूक जपली होती, तीसुद्धा मास्तरांचीच निघाली.

काकूंना आधी राग आला. शाळेचा कार्यक्रम आठवला, रेडिओ आठवला, गिळलेला एकेक शब्द आठवला. फुकट गिळले सगळे. मग त्यांना मास्तरांचा तो हात आठवला, कॅमेरा त्यांच्या हातून काढून घाईघाईने खुंटीला टांगणारा. रोल धुऊन आला तेव्हा त्यांनाही कळलं असणारच, काय झालंय ते. काकूंनी लेन्स उघडली असती तर जांभळा बाण पहिल्या फटक्यात सापडला असता. त्यांनी जिला दया समजून पदरात बांधून ठेवलं होतं ती निव्वळ भीती होती. साऱ्या गिऱ्हाइकांना उभं-आडवं घेणारा हा माणूस जगात एकाच व्यक्तीला भ्यायला होता, आणि ती व्यक्ती पडद्यामागे बसत होती. काम कुणाला येतं, हे त्या दुकानात निदान एका माणसाला पक्कं ठाऊक होतं. इतकं ठाऊक, की त्याने मरेपर्यंत तो कॅमेरा उघडू दिला नाही.

काकूंना हसू आलं. ते त्यांनी खोकल्यावर निभावलं.

“बघू,” डॉक्टर म्हणाले, आणि दवाखान्यातलं दुर्बिणीसारखं भिंग डोळ्याला लावून वाकले. काकूंना त्यांना अडवता आलं नसतं. स्पिरिटचा कापूस हाताशी होता. जांभळी पेन्सिल स्पिरिटने एका फटक्यात जाते. काकूंनी बाटलीकडे पाहिलंही. पण मास्तरांच्या हातचं असं आता उरलं होतं किती. त्यांनी बाटलीला बूच लावलं.

“छप्पर आहे,” डॉक्टर म्हणाले. “पण काकू, हा दुसरा बाण कसला? या तर दोन खुणा आहेत, एकमेकींच्या उलट.”

मुलगी आईकडे पाहत होती. तिने लहानपणी त्याच जांभळ्या पेन्सिलीने भिंती रंगवल्या होत्या. तिला काय कळायचं ते कळलं होतं.

पस्तीस वर्षं मास्तरांनी काकूंचं बरोबर काम आपल्या नावावर खपवलं होतं. काकूंनी त्यांचं एक चुकीचं काम आपल्या नावावर घेतलं, तर हिशेब कुणी मागणार नव्हतं.

“दोन्ही माझ्याच,” त्या म्हणाल्या. “एक काढताना करते, एक बसवताना.”

डॉक्टरांनी ते लगेच वहीत उतरवून घेतलं.

छपाई तीन आठवडे पुढे गेली आणि प्रकरण नव्याने लिहिलं गेलं. त्यात काकूंचं पूर्ण नाव आलं, टेबलाशी बसलेल्या काकूंचा फोटो आला, आणि दहा पानांवर त्यांची ती अलौकिक चूक आली. हजारो भिंगं त्यांनी सरळ बसवली, याबद्दल एक वाक्य होतं, आणि तेही कंसात. चहाचे आभार मात्र काढायचे राहून गेले, त्यामुळे शेवटच्या पानावर त्या पुन्हा भेटतात.

आता लोक काकूंकडे धडधाकट लेन्सा पाठवतात, भिंग उलटं करून द्या म्हणून. काकू त्या आधी नीट साफ करतात, बुरशीचा कण राहू देत नाहीत, आणि मग मन घट्ट करून मागचं भिंग उलटं बसवतात. डॉक्टरांनी तर आपल्या त्रेसष्टांपैकी एका कॅमेऱ्यात चक्क रोल भरला. आणि पुस्तक वाचून कुठले कुठले दुरुस्तीवाले म्हणे भिंगाच्या कडेवर दोन खुणा करायला लागले आहेत, एकमेकींच्या उलट. त्यांतल्या एकाने, बहुधा विचार करणारा असावा, काकूंना पत्र लिहून विचारलं, की दोन खुणा एकमेकींच्या उलट केल्या तर पुढची बाजू ओळखायची कशी?

काकूंनी मुलीकडून उत्तर लिहवून घेतलं. त्यात फार काही नव्हतं. दोन्हींतली जी बारीक असेल ती बरोबर समजावी, असं कळवलं होतं, आणि काम करताना चष्मा लावावा.